न पिकलेली जखम

आमच्या गावाकडं जखमेची रीत सोपी होती. गरम जवसाचं पोटीस बांधायचं, जखम पिकू द्यायची, पू निघाला का सुटलो. जे पिकत नाई, त्याची काळजी कोणी करत नसे. ही रीत मी जवसाच्या पिशवीसंगं भंडाऱ्याकडून भिलाईले आणली.

भिलाई तवा उभी होऊन राहिली होती. आमचे हे पोलादाच्या प्लांटात फिटर. सेक्टरमधे सगळे क्वार्टर सारखे, एकीकडं बंगाली शेजार, दुसरीकडं तेलगू. बाया चांगल्या होत्या, पण बोलू काय? माझी हिंदी मोडकीतोडकी. हे ड्यूटीवर गेले का मी चुलीसंगं मराठीत बोलत बसे. कोणी येडी म्हणत असंल तर म्हणू द्या, मले माणूस पायजे होतं.

आमच्या यायचं लिव्हर जुनं बिघडलेलं. कावीळ उलटून उलटून झाली अन् मंग पोट फुगायले लागलं. दारूचा थेंब कधी शिवले नाई, तरी लोकं म्हणत, "पीता होगा." मले असा संताप येई का बस.

एक दिवस कामावर लोखंडाचा बारीक कपचा यायच्या नडगीत घुसला. कपचा निघाला, पण पाय लाल झाला, टणक झाला.

"दवाखान्यात चला जी," मी म्हणली.

"कावून वं? ताप नाई, पू नाई. पिकलं का जाऊ."

मलेही पटलं. आमी दोघंही त्याच रीतीत वाढलेलो. मी रोज पोटीस बांधे, रोज सोडून पाहे. पिकेचना. लाली मात्र गुडघ्याच्या वर चढली, अन् एका सकाळी यायनं मले ओळखलंच नाई.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरनं पोटीस सोडून पाय पाहिला. मंग म्हणे, "बहन, ये पकता कैसे?" त्यानं बसवून समजावलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जखमेकडं धावतात, तिथं जंतूसंगं लढून मरतात, त्याचाच पू होते. लिव्हर असं जुनं बिघडलं का पेशी रक्तात असतात, पण जखमेपावतर धड पोचत नाई, पोचल्या तरी जोर नसते. "समझो हाजिरी लगी है, काम पर कोई नहीं गया." म्हणून पू नाई. असल्या कित्येकायले तापही येत नाई. आमी ज्याले बरं समजून राहिलो होतो, तेच वाईट होतं.

इंजेक्शनं दिली. पण जहर अंगभर पसरलं होतं. हे गेले.

क्वार्टर सोडाच्या आधी सरपणाची काडी माझ्या अंगठ्यात रुतली. पिशवीत जवस उरलं होतं, तेच बांधलं. अंगात कणकण आली, अंगठा ठणकला, पिकला अन् फुटला. पांढराशुभ्र पू निघाला. मी पाहतच राहिली. माह्या एवढ्याशा अंगठ्यासाठी त्या पांढऱ्या पेशी सगळ्या धावून आल्या होत्या, अन् यायच्यासाठी एकही नाई.

मी अंगठा धरून अशी रडली का शेजारची बंगालीण पिठाच्या हातानं धावत आली. "बहुत दुखता है?" तिनं विचारलं.

"पिकलं वं बाई माहं," मी म्हणली.

तिले काही समजलं नाई. तरी ती माह्याजवळ बसून राहिली.