जास्तीचं तिकीट

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, नीलाबेनला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं त्यांना तर नाहीच. एरवी माझ्या तोंडात काही राहत नाही. गाडी कधी सुटणार, पाण्याच्या बाटल्या कुणी घ्यायच्या, कुणाला खिडकी लागते, सगळं मी दहादा बजावते. हे मात्र —

थांबा. आधी मजेचं सांगते. मजा खरोखरच झाली, ती मी खोटी ठरवणार नाही.

आम्ही मीरा रोडच्या एका सोसायटीतल्या बायका. दर हिवाळ्यात एक आठवडा आमचा. घरच्यांनी आपापलं जेवण बघायचं आणि आम्ही रोज मुंबईत काहीतरी बघायला, ऐकायला जायचं. फोर्टात चित्रांचं प्रदर्शन, पार्ल्यात गाणं, मधे एखादं नृत्य, आणि शेवटच्या रविवारी दादरला नाटक. काशीमीऱ्याहून मिनीबस ठरवलेली असते. ठरवणारी मी. तिकिटं, वेळा, कोण कुणाशेजारी बसणार — मला हे सगळं मनापासून आवडतं. निम्म्या जणींना मराठी नाटक धड कळत नाही. नीलाबेन तर मध्यंतरापर्यंत विचारत असते, "ये कौन? इसका भाई? तो रो क्यूँ रहा है?" त्याचं मला कधी काही वाटलं नाही. ही गंमत बघा — नीलाबेनचं कधीच काही वाटलं नाही.

आणि माझी एक शिस्त. तिकिटं काढताना एक जास्तीचं काढायचं. ऐनवेळी कुणाची बहीण येते, कुणाची सून. कुणी आलंच नाही, तर त्या खुर्चीवर आम्ही पर्सा ठेवतो.

आता वहिनी. माझ्या थोरल्या जाऊबाई. गोडदेवला, सासरच्या जुन्या घरी राहतात. मी लग्न होऊन आले तेव्हा मला मासे साफ करता येत नव्हते. सासूबाईंना कळू न देता वर्षभर माझ्या वाटणीचे त्यांनी साफ केले. पहिल्या वर्षी मीच त्यांना हौसेने नाटकाला नेलं. विनोदी नाटक होतं. सगळं थिएटर हसत होतं तेव्हा वहिनी गप्प. पुढे नायक आईच्या फोटोसमोर उभा राहिला, सगळीकडे शांतता, कुणीतरी नाक ओढतंय — आणि वहिनी हसल्या. हसल्या म्हणजे काय, गदगदून, मांडीवर हात मारून. सगळ्या माना वळल्या. मी त्यांचा दंड दाबला.

"अगो, तो मघाशी काय बोलला ता आता कळला मना!" त्याही मोठ्याने.

मला लाज वाटली. हसण्याची? की त्या माझ्या सासरच्या आहेत, हे सगळ्या बायकांना दिसलं याची? या दुसऱ्याचीच. आता लिहितेच आहे तर नीट लिहिते.

पुढच्या हिवाळ्यात वहिनींनी फोनवर विचारलं, या वर्षी काय काय हाय? मी म्हटलं, "वहिनी, काय सांगू, हाउसफुल झालं. एकसुद्धा तिकीट मिळालं नाही." किती सहज निघालं तोंडातून! त्या म्हणाल्या, "जाऊ दे गो, पुढल्या वर्षी." पुढल्या वर्षी पुन्हा हाउसफुल. त्याच्या पुढल्या वर्षीही. आणि दर वर्षी त्यांचा डबा यायचा, नारळाच्या करंज्यांचा, "तुमच्या गाडीत खायला". आम्ही त्या वांद्रं यायच्या आतच संपवायचो. डबा रिकामा परत करायचा नाही, अशी आमच्या घरची पद्धत; म्हणून मी त्यात साखर घालून पाठवायची. त्यांची करंजी खाऊन, त्यांच्या खुर्चीवर पर्स ठेवून आलेल्या बाईने पाठवलेली साखर.

या वर्षी डबा घेऊन त्या स्वतःच आल्या. आम्ही मिनीबसमध्ये चढत होतो. नवी साडी नव्हती, तयारी नव्हती, फक्त डबा द्यायला आल्या होत्या. नीलाबेनने दारातूनच हाक मारली, "अरे भाभी, चलो ना! मीनाबेन के पास एक टिकट एक्स्ट्रा है!"

वहिनी वळल्या, आणि त्यांचा चेहरा — कसा सांगू? — एकदम उजळला.

"मिळाला गो? या वर्षी मिळाला?"

तेव्हाच खरं बोलायला हवं होतं. तिथेच, फुटपाथवर. मी म्हटलं, "हो वहिनी, मिळालं."

मग त्या आठवडाभर आल्या. काय आठवडा होता तो! प्रदर्शनात एका मोठ्या निळ्या चित्रासमोर त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "ही उत्तनची खाडी हाय, भरती लागलेली." खाली काहीतरी वेगळंच नाव लिहिलं होतं, पण आम्हा सगळ्यांना भरतीच दिसायला लागली. गाण्याला त्यांनी असा काही ताल धरला की पुढच्या रांगेतल्या आजोबांनी मागे वळून मान डोलावली. परतताना गाडीत त्यांनी लग्नातली गाणी म्हटली, नीलाबेनने गरबा केला, ड्रायव्हर ओरडला, "भाभीजी, गाड़ी हिल रही है!" आणि प्रत्येकीला त्या एक गोष्ट ऐकवत होत्या: मीना माझ्यासाठी दर वर्षी तिकिटासाठी किती धडपडते, न्हाय मिळत बिचारीला. नीलाबेनला पर्सांची खुर्ची ठाऊक आहे. तिने माझ्याकडे बघितलं, आणि मग खिडकीबाहेर.

रविवारी दादरला नाटक. वहिनी माझ्या शेजारी. नायिकेने एक टोमणा मारला, सगळे हसले, हशा विरला. नायिका पुढचं वाक्य बोलणार, तेवढ्यात वहिनी सुरू झाल्या. नायिका थांबली. कमरेवर हात ठेवून आमच्या रांगेकडे बघत राहिली, जणू हेही नाटकातलंच. आणि सगळं थिएटर पुन्हा हसलं, आधीपेक्षा मोठ्याने. या वेळी मी दंड दाबला नाही. मीही हसले, मांडीवर हात मारून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. इतकी वर्षं नाटकं बघतेय, अशी हसले नव्हते.

गोडदेवला उतरताना त्यांनी माझा हात धरला. "पुढल्या वर्षी न्हाय मिळाला तरी चालंल गो. तू जीव टाकतेस, तेवढा बास."

त्यांचा डबा अजून माझ्या ओट्यावर आहे. साखर घालायला हात धजत नाही.

तिकीट होतं, वहिनी. दर वर्षी होतं. तुमच्या खुर्चीवर आम्ही पर्सा ठेवत होतो.