जावयाचा ट्रान्झिस्टर

मी शिकवायचो त्या जामखेडच्या शाळेत एक क्लार्क होते. दुकानाची पायरी चढायची म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. दुकानदारालाही ते हात जोडून 'साहेब' म्हणत. मुलीचं लग्न आठवड्यावर आलं, तेव्हा बायकोने त्यांना माझ्याबरोबर नगरला पिटाळलं. त्यांना स्वतःला शर्टाचं कापड घ्यायचं होतं आणि जावयाला ट्रान्झिस्टर.

कापडवाल्याने पहिलाच तागा उलगडला. "साहेब, हेच फाडा," म्हणत ते निम्मे बाहेर पडलेसुद्धा.

रेडिओच्या दुकानात मात्र मालकाने सेल घालून बटण फिरवलं, सनई वाजू लागली आणि हे स्टुलावर बसले ते उठेनातच. "आता तो लावा साहेब," करत त्यांनी दुकानातले सगळे रेडिओ ऐकले. घेतलेला ट्रान्झिस्टर एसटीत मांडीवर ठेवून मोठ्याने लावला. सगळी गाडी टाळ्या वाजवू लागली. कंडक्टरही तिकिटं फाडताना ताल धरत होता. हसून हसून माझं पोट दुखलं.

उतरताना मी म्हणालो, "जावई खूश होणार."

त्यांनी ट्रान्झिस्टर छातीशी धरला. "सर, ह्यो माझ्याकडंच ऱ्हाऊ द्या. जावयाला घड्याळ घेऊ. उद्या रजा टाका, परत नगरला जाऊ."