खांबेटेबाईंच्या पोळ्या

कोथरूडच्या ‘वनश्री’ सोसायटीत कुसुम खांबेटे यांची लाल रेघ खाल्ली नाही असा माणूस शोधून सापडणार नाही. एकतीस वर्षं मराठी शिकवून बाई निवृत्त झाल्या, त्यालाही आता तेरा वर्षं झाली. पण निवृत्त झाली ती फक्त नोकरी. लिफ्टमधल्या ‘थुंकु नये’ या सूचनेतला ‘कु’ त्यांनी स्वतःच्या पेनाने दीर्घ केला होता. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या पाटीवर ‘शुध्द तूप’ असं होतं, तेव्हा त्याला त्यांनी सांगितलं होतं, “आधी शब्द शुद्ध करा, मग तुपाचं बघू.” त्यांचे यजमान श्रीनिवासराव चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात एकच गोष्ट शिकले होते, ती म्हणजे निर्दोष गप्प बसणं.

तर यंदा ऑक्टोबरात, दिवाळी पंधरवड्यावर आलेली असताना, अरबी समुद्रात चक्रीवादळ उठलं आणि त्याचा पाऊस घाट चढून पुण्यावर कोसळला. तीन दिवस आभाळ फाटलं होतं. धरणातून पाणी सोडलं, आणि नदीकाठची एक अख्खी वस्ती पत्र्यांपर्यंत पाण्यात गेली. माणसं वाचली. बाकी काही वाचलं नाही. तीनशे चाळीस जण एका महापालिकेच्या शाळेत येऊन राहिले.

पुणेकर मदतीला धावला. पुणेकराला बोलायला फार लागतं, पण धावायचं म्हटलं की धावतो, हे कबूल केलं पाहिजे. दोन दिवसांत शाळेत कपड्यांचा डोंगर उभा राहिला. त्यात अकरा टाय होते. एक शेरवानी होती, मोजडीच्या एका पायासकट. कुणीतरी स्वेटर दिला होता आणि त्याला चिठ्ठी लावली होती, ‘हाताने धुवावा, पिळू नये’. आणि जेवण म्हणाल तर सहा संस्था होत्या आणि सहांनाही एकच पदार्थ सुचला होता. सकाळी खिचडी, संध्याकाळी खिचडी. एका संस्थेने बदल म्हणून खिचडीत मटार घातले.

चौथ्या दिवशी बाई चादरी द्यायला शाळेत गेल्या, तेव्हा पाचवी ‘ब’च्या वर्गात त्यांना महिपती दिसला. साठीचा न्हावी. त्याची खुर्ची, आरसा, हत्यारांची पेटी, सगळं दुकानच नदीने नेलं होतं. तो भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि आदल्या सकाळपासून जेवला नव्हता.

“बाई, खिचडी असंल तर ऱ्हाऊ द्या,” तो वळूनही न बघता म्हणाला.

बाईंना पाझर फुटला. आता त्यांना पाझर फुटला तरी तो हुकमाच्या स्वरातच बाहेर येतो. “उद्या संध्याकाळी पोळी-भाजी मिळेल,” त्या म्हणाल्या. “मी सांगते म्हणजे मिळेल. तेव्हा इकडे तोंड करून बसायचं.”

शब्द देऊन झाला आणि रिक्षात बसल्यावर त्यांनी हिशेब केला. माणशी तीन म्हटल्या तरी हजार पोळ्या. सोसायटीचे चाळीस फ्लॅट फार तर पाचशे करतील. उरलेल्या पाचशे कुठून आणायच्या? नाही जमलं तर तो माणूस पुन्हा भिंतीकडे वळणार, आणि या खेपेला त्याला वळवणाऱ्या आपणच असू, हे काही बाईंच्या मनातून जाईना.

तिसऱ्या मजल्यावरची शेफाली आयटीत होती आणि सोसायटीचा व्हॉट्सॅप ग्रुप तिच्या ताब्यात होता. तिने निरोप लिहून दाखवला : ‘प्रत्येक घरातून तेरा चपात्या.’

“चपात्या?” बाईंनी चष्मा काढला. “पोळ्या लिही. आणि खाली लिही, पोळ्या गोल असाव्यात, नकाशे स्वीकारले जाणार नाहीत. कालच्या पोळ्या ज्याच्या त्याने खाव्यात.”

“मॅडम, लोक हर्ट होतील.”

“होऊ देत. पोळ्या मऊ झाल्या म्हणजे झालं.”

उरलेल्या पाचशेंसाठी त्यांना सोजरबाई आठवल्या. धायरीच्या सोजरबाई गेली वीस वर्षं सोसायटीच्या फाटकाशी मंगळवार-शुक्रवार पालेभाजी विकायला बसत. शेती आता राहिली होती तीन गुंठे, भोवती इमारतीच इमारती. पण त्यांच्या शब्दावर गावठाणातल्या पंचवीस घरांच्या चुली पेटत. शेफालीने तोच निरोप आकडा बदलून, घरटी वीस करून, त्यांच्या मुलाला म्हणजे भैरूला पाठवला. अर्ध्या तासात सोजरबाईंचा फोन आला.

“बाई, पोळ्या म्हनताय? का चपात्या?”

आता इथे नियतीने बाईंना सरळ सरळ संधी दिली होती. पण बाईंच्या कानावर ‘चपाती’ पडलं की डोकं आधी पेन शोधायला जातं.

“पोळ्या, सोजरबाई. चपाती हा शब्द आमच्या घरात नाही.”

“घरटी वीस?”

“जास्त आहेत का?”

“न्हाय, जास्त न्हाय… करतो की. पर सोबत?”

“भाजी आम्ही करतोय. बटाट्याची.”

“पोळीसंगं बटाटा?”

“मग काय श्रीखंड देऊ?” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी श्रीनिवासराव स्वतः मंडईत जाऊन वीस किलो बटाटे घेऊन आले. पाच वाजेपर्यंत सोसायटीच्या पाचशे तेरा पोळ्या जमा झाल्या. सात नकाशे बाईंनी नाव विचारून परत केले. सहाला सगळे शाळेच्या पटांगणात पोचले. पंगत बसली. महिपती शेवटच्या ओळीत होता, पण तोंड इकडे करून होता. आणि भैरूचा टेम्पो फाटकातून आत शिरला.

टेम्पोच्या मागून सोजरबाई उतरल्या. काठाचं इरकल नेसलेल्या, नाकात नथ. बाईंना वाटलं, पोळ्या द्यायला नथ कशाला? मग भैरूने पहिल्या डब्याचं झाकण उघडलं आणि वेलदोड्या-जायफळाचा वास पटांगणभर गेला.

पुरणपोळ्या. तुपाचा हात फिरवलेल्या, खरपूस डागांच्या पाचशे पुरणपोळ्या. मागून दुधाच्या दोन कॅन उतरल्या, त्यात कटाची आमटी होती.

बाईंच्या डोक्यात एकतीस वर्षांचं मराठी गरगर फिरलं. धायरीच्या घरात रोज तव्यावर पडते ती चपाती. पोळी म्हणजे फक्त पुरणाची, सणाची. सोजरबाईंनी विचारलं होतं. अगदी नेमकं विचारलं होतं.

“कट काढला म्या आमटीला,” सोजरबाई म्हणाल्या. “तुमी बटाटा म्हनला, म्हनलं बाईंना यातलं कळत न्हाय. आमच्या घरच्यांनी येड्यात काढलं मला. दिवाळीची डाळ, गूळ, समदं बाहेर काढलं ना! पर म्या म्हनलं, बघा, कोथरूडच्या बाईचं मन बघा. ज्यांचं घर बुडालं त्यांना बाई पुरणाची पोळी घाला म्हनत्यात. मग आपुन का मागं ऱ्हायाचं?”

बाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. श्रीनिवासरावांनी हे दृश्य चव्वेचाळीस वर्षांत प्रथमच पाहिलं आणि ते हातातला बटाट्याचा झारा घेऊन तसेच उभे राहिले.

वाढप सुरू झालं. पाचशे साध्या, पाचशे पुरणाच्या, आमटी आणि अर्थातच बटाटा. पटांगणात पाच मिनिटं नुसत्या भुरक्यांचा आवाज होता. एका म्हातारीने पदराने डोळे पुसले आणि आणखी एक मागितली. महिपतीने चार खाल्ल्या, हात धुतले आणि उठून पुढे आला.

“चार दिस झालं,” तो म्हणाला, “लोक आमाला जगवाया बघत हुते. उपकार हायेत त्यांचं. पर आज कुनीतरी जेवाया घातलं. कुनाच्या मनात आलं हे?”

सगळ्यांनी खांबेटेबाईंकडे बोट दाखवलं. सोजरबाईंनी तर त्यांना खांद्याला धरून पुढेच ढकललं. टाळ्या पडल्या. बाईंना आयुष्यात एवढ्या टाळ्या कधी मिळाल्या नव्हत्या, निरोपसमारंभातही नाही. गप्प राहिल्या असत्या तर कुणाला काही कळलं नसतं. उलट खरं सांगावं तर धायरीच्या पंचवीस घरांची दिवाळी आपण फुकट खर्ची घातली, असं सोजरबाईंच्या तोंडावर म्हणावं लागणार होतं. पण दुसऱ्याच्या वहीतल्या चुका एकतीस वर्षं काढल्यावर स्वतःची झाकायची कशी? ते त्यांना येतच नव्हतं.

“यात माझं काही नाही,” त्या म्हणाल्या. “माझं चुकलं. मला… मला साध्या चपात्या हव्या होत्या.”

झारा श्रीनिवासरावांच्या हातून पडला.

सोजरबाई बघत राहिल्या. “मी इचारलं हुतं की!”

“विचारलं होतंत. शहाणपणा मी केला. तुमचा दिवाळीचा गूळ…”

“मंजी,” सोजरबाई सावकाश म्हणाल्या, “तुमाला पायजे हुत्या चपात्या, आन् तुमी म्हनला पोळ्या.” त्यांच्या नथीला आधी कंप सुटला, मग खांद्यांना, आणि मग त्या कॅनचा आधार घेऊन डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. “बाई, येवढ्या शिकल्या तुमी, आन् तुमास्नी मराठी न्हाय व्हय ओ येत!”

पटांगण हसलं. महिपती हसला. श्रीनिवासरावही हसले, तेव्हा बाईंनी वळून पाहिलं. पण या वेळी रेघ ओढली नाही. सोजरबाईंनी एक पुरणपोळी तुपात भिजवून त्यांच्या हातावर ठेवली. “खावा. गुळाचं काय घेऊन बसला? दिवाळी आजच झाली आमची.” बाईंनी उभ्यानेच खाल्ली. त्यांना रडू येत होतं आणि पोळी अप्रतिम होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर आणि भैरूच्या फोनवरही बाईंनी स्वतः लिहिलेला निरोप आला : ‘आज प्रत्येक घरातून तेरा चपात्या.’ नकाशांबद्दल काही नव्हतं. शेफालीने तीन मिनिटांत दार वाजवलं. “मॅडम, तुमचा फोन हॅक झालाय का?” श्रीनिवासराव पेपराआडून म्हणाले, “फोन नाही.”

तेवढ्यात धायरीहून फोन आला.

“बाई, चपात्या मंजी चपात्याच ना? मागनं म्हनाल न्हाय तर.”

“चपात्याच, सोजरबाई. साध्या.”

“पर ह्यो शब्द तुमच्या घरात न्हाय म्हनला हुता.”

खांबेटेबाईंनी एकदा पेपराकडे पाहिलं आणि एकदा दारातल्या शेफालीकडे.

“कालपासून आहे,” त्या म्हणाल्या.