आजोबांच्या खिशासाठी चाकू

बाळांनो, तुमच्या आजोबांचा चाकू हरवला हे मी सांगितलं, तेव्हा तुम्ही "आजी, ऑनलाइन मागव" म्हणालात आणि लिंकही पाठवलीत. मी ती नीट वाचली. जंगलात तंबू ठोकून राहणाऱ्या माणसांचे चाकू होते ते. किमतींचे रुपये केले आणि पान बंद केलं. पुढे काय झालं ते फोनवर सांगता येत नाही, कारण फोन लावते तेव्हा आजोबा शेजारीच असतात.

अंबरनाथच्या कंपनीत लागल्यापासून त्यांच्या उजव्या खिशात घडीचा चाकू असे. तेव्हा वायर सोलायला, खोकी उघडायला. निवृत्तीनंतर बदलापूरला आलो, तेव्हापासून कैरी कापायला. संध्याकाळी इमारतीखालच्या कट्ट्यावर चारपाच जण जमतात. सोनिवलीकडची एक बाई कैऱ्या आणते, मीठ-तिखट कुणाकडे तरी असतंच, आणि कापायचं काम आजोबांचं. शेअर रिक्षात चाकू पडला तेव्हापासून त्यांनी खाली जाणंच सोडलं. "रिकाम्या खिशाने जाऊन करू काय?" म्हणाले. हात थरथरतो त्याला इलाज नाही, पण चालणं थांबवलं तर पाय आखडतील, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. थोड्याच दिवसांत ते घरातल्या घरात भिंत धरून चालायला लागले. चाकू आणणं मला भाग होतं.

उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये कात्र्या-सुऱ्यांचं एक दुकान आहे. जीन्स शिवणारे तिथूनच कात्र्या नेतात. चांगला चाकू कसा ओळखायचा, हे मला आजोबांनीच शिकवलेलं. उघडून पातं डावी-उजवीकडे हलवायचं; हललं तर नको. मिटल्यावर टोक मुठीबाहेर डोकावायला नको. आणि उघडल्यावर लॉक खटकन बसला पाहिजे, नाहीतर जोर देताना पातं बोटांवर मिटतं.

दुकानदाराने पहिला चाकू पुढे केला. "ये लो आंटी, मक्खन जैसा खुलता है."

खरंच एका बोटाने उघडला. पण पातं डुगडुगत होतं.

"ढिला आहे. बोटावर मिटेल."

"आंटी, फल काटना है ना? फल कहाँ भागेगा?"

मग त्याने दुसरा काढला. पातं सरळ, मूठ साधी, लॉक पक्का, किंमतही माझ्या बेतातली. पण पात्यावरच्या खाचेत नख घालून ओढलं, तर माझा अंगठा पांढरा पडला.

"यातच जरा नरम नाही का?"

"नरम दिया तो बोलती हो ढीला है, अच्छा दिया तो बोलती हो कडक है. अंकल को ही ले आओ."

"चाकूशिवाय ते घराबाहेर पडत नाहीत."

"फिर तो अंकल पुराने डॉन हैं," तो म्हणाला. मलाही हसू आलं.

पण दोन चाकू समोर ठेवून मी बराच वेळ तशीच उभी राहिले. ढिला थरथरत्या हाताला उघडता येईल आणि त्याच हातावर मिटेल. चांगला मिटणार नाही, पण त्यांना तो उघडताच येणार नाही. या दोहोंच्या मधला चाकू कुणी बनवत नाही. शेवटी चांगला घेतला. ढिला त्यांनी बघताक्षणी बाजूला सारला असता.

घरी येऊन तो टेबलावर ठेवला. सुरी-चाकू हातात द्यायचा नाही, खाली ठेवायचा. दिला तर भांडण होतं म्हणतात. आम्ही दोघंही हे मानत नाही, पण पाळतो. त्यांनी उचलला, मुठीचे रिव्हेट पाहिले, मिटलेलं टोक बोटाने चाचपलं. "चांगला निवडलास." मग नख खाचेत घातलं. ते सटकलं. पुन्हा घातलं. मी स्वयंपाकघरात गेले आणि खट्ट ऐकू येण्याची वाट पाहत राहिले.

"नवा आहे ना, तेल द्यायला हवं," बाहेरून आवाज आला.

रोज शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब पडू लागला. स्प्रिंगला तेलाची गरज नव्हती, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. पण चाकू खिशात गेला आणि ते खाली जायला निघाले. मी सोबत गेले.

"या साहेब. नवीन शस्त्र आलं म्हणे?" कट्ट्यावरून एकाने विचारलं.

"आलं."

"मग काढा म्यानातून. कैरी कधीची वाट बघतेय."

आजोबांनी चाकू काढला, हातात फिरवला आणि माझ्याकडे न बघता आम्हा दोघांच्या मध्ये कट्ट्यावर ठेवला. मी तो पदराआड घेतला, पदर अंगठ्याला गुंडाळून ओढला. खट्ट झालं. उघडा चाकू पुन्हा खाली ठेवला. पाणी आज किती वाजता गेलं यावर तिकडे वाद चालला होता. कुणी पाहिलं की नाही, माहीत नाही.

त्यांनी तो उचलला. पातं अजिबात हलत नव्हतं. हात हलत होता. कैरी निसटली, त्यांनी पुन्हा दाबून धरली. चाकू मागून घेतला असता, तर उद्या ते खाली आले नसते. मी हात मांडीवर ठेवून त्यांच्या डाव्या अंगठ्याकडे बघत बसले.

पहिली फोड निघाली, जाड आणि तिरकी. ती त्यांनी मला दिली.

"बघ. धार चांगली आहे."

"आहे," मी म्हटलं. आणि त्यांनी पातं पुन्हा कैरीवर टेकवलं. जवळजवळ सगळी कैरी अजून बाकी होती.