माईंचं नाव गावच्या यादीत

मी आबांचे किस्से सांगायला बसलो की माझी बायको आधी गॅस बारीक करते. तिला माहीत असतं, चहा आता दोनदा तरी गरम करावा लागणार! काय करू? अर्धं आयुष्य त्या माणसाच्या प्रचाराच्या रिक्षात बसून माईकवर ओरडलोय. मराठी, गुजराती, हिंदी, तिन्हींत. घसा बसला, किस्से काही बसेनात. इथं गुजरातेत, उधन्यात चार खान्देशी भेटले की एखादा निघतोच, आणि एक निघाला की मागून दुसरा.

आबा म्हणजे आमचे आमदार. 'माजी' म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही. चोपड्याकडच्या एका तापीकाठच्या गावातून तरुणपणी इथं लूम चालवायला आले. नगरसेवक झाले, आमदार झाले, पडले, परत झाले. आणि माई म्हणजे त्यांच्या मंडळी. एवढ्या निवडणुका झाल्या, पण माईंनी आबांना एकदाही मत दिलं नाही! भांडण वगैरे काही नाही हो. त्यांचं नाव गावच्या मतदारयादीत होतं, आणि तिथून त्या ते हलवू देत नव्हत्या.

*

पहिल्या वेळी आबा नगरसेवकपदाला अपक्ष उभे. चिन्ह मिळालं बादली. मी गल्लोगल्ली बोंबलतोय, "बादलीसमोरचं बटण दाबा!" बमरोलीकडच्या चाळींत तेव्हा नळाला पाण्याचा थेंब नव्हता. सकाळी बघतो तर आबांच्या दारात बायकांनी रिकाम्या बादल्यांची रांग लावलेली!

पुढं उभी असलेली म्हातारी म्हणाली, "चिन्ह आम्ही घरून आणलंय. तू फक्त भरून दे."

आबांनी बोअरचा पाईप दाराबाहेर ओढला आणि दुपारपर्यंत स्वतः बादल्या भरल्या. निवडून आले!

गुलाल धुऊन जेवायला बसले तेव्हा म्हणाले, "सुमन, पुढच्या खेपेला तुझं मत पाहिजे मला. नाव इथं आणून टाक."

माई घरात अहिराणीच बोलायच्या. ताटात भाकरी टाकत म्हणाल्या, "नाव आठे आनं ते गाव गयं. मनं नाव तठेच ऱ्हाऊ द्या." इथं नाव आणलं की गाव गेलं, ते तिथंच राहू द्या.

"अगं, ही एक टर्म. मग गावीच जाऊ."

हे वाक्य ध्यानात ठेवा. पुढं परत येणार आहे.

*

गावाला ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की माई निघाल्याच. आबा आमदार झाल्यावरसुद्धा! गाडी दारात उभी, ड्रायव्हर तयार, पण बाईंना भुसावळकडची पॅसेंजरच लागायची. का, तर डब्यात सगळी आपली माणसं. लूमवरची, डाइंगवरची, सगळी मतदानाला गावी चाललेली. माई कळण्याच्या भाकरी आणि ठेचा घेऊन बसायच्या आणि नंदुरबार यायच्या आत अर्ध्या डब्याला वाटून मोकळ्या.

परत आल्या की बोटाला शाई. आबा चहाच्या कपावरून त्या बोटाकडं बघायचे.

"कोणाला दिलं?"

"गुप्त ऱ्हास ते."

"अगं, मी आमदार आहे!"

"तठे नही ना," माई म्हणायच्या आणि पिशवीतून गावची वांगी बाहेर काढायला लागायच्या. काटेरी, हिरवी, भरताची. आबा त्यातलं एक उचलून नाकाशी धरायचे आणि बराच वेळ तसेच बसून राहायचे. गावाची ओढ त्यांनाही होती हो! कबूल करायला वेळ नव्हता, एवढंच.

*

दुसऱ्यांदा आमदारकीला उभे होते तेव्हाची गोष्ट. समोरच्या उमेदवाराला माईंच्या नावाचं कळलं. भर सभेत तो म्हणाला, "जेने घरनो एक वोट नथी मळतो, एने तमे केम आपो छो?" ज्याला घरचं एक मत मिळत नाही, त्याला तुम्ही का देता!

टाळ्या, शिट्ट्या! संध्याकाळी आमची सभा. आबांनी माझ्या हातातून माईक घेतला.

"बरोबर बोलले ते. घरात मिळत नाही, म्हणून तर तुमच्या दारात उभा आहे! घरात मिळालं असतं तर आलो असतो का?"

मैदान हसून लोळलं. त्यातच आबांचं घोडं गंगेत न्हालं असं मी आजही मानतो. निकालाच्या दिवशी माई मला म्हणाल्या, "देख भास्कर, मनं नाव तठे व्हतं म्हणून हाई निवडी उनात!" म्हणजे निवडून आणायचं श्रेयसुद्धा त्यांनाच. आबा "ही एक टर्म," एवढंच म्हणाले.

*

एकदा कॉलेजची पोरं कसल्याशा प्रोजेक्टसाठी ऑफिसात आली. आमदारांचा विधानसभेतला मतदानाचा रेकॉर्ड पाहिजे म्हणे. एका पोरीनं विचारलं, "सर, तुम्ही कधी पक्षाच्या विरोधात मत दिलं?"

"सभागृहात? कधीच नाही. वरून सांगतात तसा हात वर."

"आणि मनातून पटलं नसेल तर?"

"तर हात जरा सावकाश वर जातो."

माई चहा घेऊन आल्या होत्या. ट्रे ठेवता ठेवता म्हणाल्या, "आन मले म्हंतस, तुनं मत दे. स्वतःनं ते आधी देखा!" मला म्हणता मत दे, आधी स्वतःचं बघा!

पोरं हसली. आबाही हसले, पण नंतर पोरं गेल्यावर माझ्याकडं वळून म्हणाले, "भास्कर, एवढी वर्षं तिथं बसलो. एकदा तरी आपल्या मनानं हात वर करायला पाहिजे होता रे." मी कप उचलले.

*

मधल्या निवडणुकीत पडले ते अगदी थोडक्यात. मतमोजणीच्या हॉलबाहेर आम्ही सगळे मेल्यासारखे उभे. तेवढ्यात आमच्यातला एक शहाणा बोलून गेला, "घरचं मत असतं तर…"

"गप रे," आबा म्हणाले. "एका मतानं काय होणार होतं?"

घरी आलो तर माईंनी शेवेची भाजी केलेली. आबा जेवले. हात धुतले. आणि ओल्या हातानंच उंबऱ्यात बसून म्हणाले, "सुमन, मला जिंकायला नको होतं तुझं मत. नुसतं पाहिजे होतं."

माई आत भांडी घासत होत्या. भांड्यांचा आवाज थांबला. मी चप्पल घातली आणि निघालो, तिथं थांबण्यासारखं नव्हतंच काही.

*

यंदा आबांनी जाहीर करून टाकलं होतं, ही शेवटची. पेढे सांगून ठेवले, माझ्या रिक्षाला नवा भोंगा बसवला. दिवाळीनंतर टीव्हीवर पक्षाच्या उमेदवारांची नावं आली. आबांचं नाव नव्हतं! तिकीट एका तरुण पोराला, जो कालपर्यंत आबांच्या गाडीचं दार उघडायचा.

आबांनी ऑफिसातला टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "पेढे आलेत ना? वाटा. पोराला मिळालंय."

एक पेढा त्यांनी हातात घेतला. तो दिवसभर टेबलावर तसाच पडून होता. मला फार लागलं ते. अजून लागतं.

*

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

मतदानाचा दिवस. आबा सवयीनं पहाटेच म्युनिसिपालटीच्या शाळेसमोर जाऊन बसले होते. ना बिल्ला, ना टेबल, नुसती एक खुर्ची. नवीन कार्यकर्ते वाकून नमस्कार करून पुढं जात होते.

नऊच्या सुमारास माई माझ्या दारात. ठेवणीतलं लुगडं, डोक्यावर पदर. "रिक्षा काढ."

मला वाटलं, आबांना डबा द्यायचा असेल. शाळेपाशी उतरल्या त्या आबांकडं न बघता सरळ बायकांच्या रांगेत! मी धावत गेलो. "माई, अहो, इथं कशाला?"

पदराच्या गाठीतून कार्ड काढून त्यांनी माझ्यासमोर धरलं. नवंकोरं. पत्ता उधन्याचा.

रांग सरकत होती. आबा खुर्चीवरून उठले होते. माई आत गेल्या, बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. बोटाला ओली शाई.

आबा त्या बोटाकडं बघत पुढं आले. "हे… हे कधी केलंस?"

"गणपतीमा. तुम्ही उभा ऱ्हातीन आसं वाटनं मले." गणपतीत केलं, तुम्ही उभे राहाल असं वाटलं मला.

आबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला. सगळी रांग आमच्याकडं बघत होती. ते म्हणाले, "सुमन, चल आता. आता टर्म नाही, काही नाही. उद्याच्याच गाडीनं गावी जाऊ. कायमचं."

माईंनी बोटाकडं पाहिलं. मग आबांकडं.

"आते कशी येऊ? मनं नाव आठे शे."