नाव न घेणारी रॅली

वलगावच्या जमुनाबाईनं तीस वर्षं सायकलला दोन टोपल्या बांधून भाजी अमरावतीच्या बाजारात नेली. ऊन असो, थंडी असो, मेथी-सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या उजाडायच्या आत पोचल्याच पाहिजेत. तेव्हा तिच्या गळ्यात कोणी हार घातला नाही. आणि आता अकोल्याहून बार्शीटाकळीपर्यंत जेमतेम वीस किलोमीटर जायचं, तर टोपी काय, टी-शर्ट काय, केळी काय, वरून टाळ्या. जमुनाबाईनं टी-शर्ट साडीवरूनच चढवला. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते हेच.

रॅली होती अंडाशयाच्या कर्करोगाची माहिती बायांना व्हावी म्हणून. दोन वर्षांआधी जमुनाबाईचं त्याचंच ऑपरेशन झालेलं. आयोजक मंजुषाताईंनी तिला अमरावतीच्या दवाखान्यातून पत्ता काढून शोधून आणलं होतं. "तुम्ही आमची प्रेरणा," असं ताई सकाळपासून चारदा म्हणाल्या. पाचव्यांदा म्हणाल्या तेव्हा जमुनाबाईनं विचारलं, "ताई, प्रेरणेले चहा भेटते का?"

ती आली होती वेगळ्याच कामानं. तिची धाकटी बहीण रुख्मिणी बार्शीटाकळीतच दिलेली. भाऊबिजेला भेटली तेव्हा हातांच्या काड्या झालेल्या आणि पोट मात्र पुढं आलेलं. दोन घास खाल्ले की ताट बाजूला. गॅस आहे, म्हणे. जमुनाबाईलाही आठ महिने गॅसच्याच गोळ्या दिल्या होत्या. पण सोनोग्राफी कर म्हटलं की रुख्मिणी हसण्यावारी नेई. शिकलेली माणसं माइकवरून सांगतील, मग तरी ऐकेल, एवढ्याच आशेनं जमुनाबाई या वरातीत शिरली होती.

पण कसची शिकलेली माणसं. अर्ध्या सायकली गावाच्या वेशीपर्यंत टेम्पोत बसून आल्या आणि फोटोपुरत्या खाली उतरल्या. शाळेच्या मैदानात पाहुणे दीड तास उशिरा. एकजण पर्यावरणावर बोलला. दुसऱ्यानं स्त्री म्हणजे शक्ती असल्याचं कळवलं. तिसरा "त्या विशिष्ट आजाराबद्दल" म्हणाला आणि समोरच्या बायांकडं पाहून त्याला ठसकाच लागला. अंडाशय हा शब्द एकाच्या तोंडून निघेल तर शपथ. शिबिरात तपासणी कशाची, तर बीपी आणि शुगरची. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

रुख्मिणी सतरंजीवर पोटाशी पदर धरून बसली होती. जमुनाबाई स्टेजवरून उतरून तिच्याजवळ टेकली.

"ऐकलं का काही?"

"काय आयकू? सायकल चालवा म्हणतात. बीपी बरोबर हाय माहा."

"मी सोनोग्राफीचं म्हणून राहिली, रुख्मे."

"मले काहून होईन काही?" रुख्मिणी शांतपणे म्हणाली. "तुही पिशवी खराब झाली, तू काढली, बरी झाली. माही तं आठ वर्षांआधीच काढेल हाय. आता खराब व्हाले उरलं काय, बाई?"

जमुनाबाईचं ऑपरेशन झालं तेव्हा तिच्या पोरीची, करिश्माची, सोयरीक चालली होती. कॅन्सरवालीची पोरगी कोण करून घेईल, म्हणून तिनं साऱ्या नातलगांत सांगून टाकलं होतं, गर्भाची पिशवी काढली. केस गेले तर टायफाइड सांगितला. दवाखान्यातली नर्स म्हणाली होती, सख्ख्या बहिणीला आधी सांगा, तिलाही धोका असतो. हो हो म्हणून ती घरी आली. करिश्माचं लग्न होऊन वर्ष उलटलं तरी तोंड उघडलं नाही. या टोपीवाल्यांनी निदान परक्या बायांपासून लपवलं, हिनं पाठच्या बहिणीपासून. थू तुह्या जिंदगानीवर, असं ती स्वतःलाच म्हणाली.

तेवढ्यात मंजुषाताईंनी तिचं नाव पुकारलं. दोनच शब्द, आणि सकारात्मक बोला, असं कानात सांगितलं. जमुनाबाईनं माइक हातात घेतला.

"रुख्मे, मी तुले खोटं सांगतलं. माही पिशवी नाई, मले अंडाशयाचा कॅन्सर होता. पिशवीच्या दोन बाजूंले बदामाएवढे दोन अंडाशय असतात. पिशवी काढली तरी मांगं राहू शकतात. पोट फुगते, भूक मरते, अन् आपन गॅसच्या गोळ्या खात राहतो. तुमच्यातल्याही कितीकजणींनं पिशवी काढली असंन, तुमी पन आयका."

ताईंचा चेहरा पडला. रुख्मिणी उठली आणि सावकाश स्टेजपाशी आली. बहिणी आता गळ्यात पडतील म्हणून फोटोवाले पुढं सरसावले.

"दोन वर्षं," रुख्मिणी म्हणाली. "पोरगी तुही होती, जीव माहा होता."

जमुनाबाई माइक ठेवून स्टेजवरून खाली उतरली.

"चाल, कुठी न्याचं थे ने. पन माह्याशी बोलू नको."

ऑटोत ती जमुनाबाईकडं पाठ करून बसली, ती थेट अकोल्यापर्यंत.