टार कुठला, ग्रेप कोणाचा

सातपूरच्या कारखान्यात, स्टोअरच्या ऑफिसात युनिक्सचं मशीन आलं तेव्हा मी तिथे नवी होते. कॉम्प्युटरचा डिप्लोमा असलेली मी एकटीच, म्हणून जुन्या माणसांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. तीन महिन्यांनी हेड ऑफिसचे साहेब परीक्षा घेणार होते. नापास होईल त्याची बदली गेटवर, तीन पाळ्यांत.

सगळ्यांत ज्येष्ठ स्टोअरकीपर कळवणकडचे. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. त्यांचे गुडघे गेलेले. गेटवर आठ तास उभं राहणं त्यांना झेपणार नव्हतं, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

मी यादी केली. डावीकडे कमांड, उजवीकडे तिचं काम. एकूण बावीस. बाकीच्यांनी पाठ केली. नानांना दुसऱ्या दिवशी चारही आठवेनात.

"नाना, रोज दहा वेळा लिहून काढा."

"लिहून काय होतं, ताई? आमच्याकडे नवा माणूस दारात आला की आधी विचारतात, हाऊ कोना शे? कोणाचा, कुठला ते कळलं की त्याचं नाव जन्मात विसरत नाही. तुमच्या यादीतले सगळे बेवारशी."

मी यादीत तिसरा रकाना आखला: मूळ. जाड मॅन्युअल चाळलं, दुरुस्तीला येणाऱ्या इंजिनियरचा पिच्छा पुरवला. ऑक म्हणजे ती करणाऱ्या तिघांच्या आडनावांची पहिली अक्षरं. ग्रेप एका जुन्या एडिटरमधल्या आज्ञेतून आली: सगळीकडे शोध, नमुना जुळव, छाप. टपाल आल्याची वर्दी देणाऱ्या बिफला चक्क एका कुत्र्याचं नाव. आणि टी आली नळजोडणीतल्या तीन तोंडांच्या सांध्यावरून. हे ऐकून नाना रॅककडे गेले आणि एक इंची टी आणून माझ्या टेबलावर ठेवली.

"हिला मी तीस वर्षं ओळखतो. इकडून पाणी आलं, एक धार स्क्रीनवर, एक फाइलीत. असंच ना?"

असंच होतं. इतकं स्वच्छ मला सांगता आलं नव्हतं. ही नावं ठेवणारी माणसं आपल्यासारखीच कामाच्या घाईतली, हाताशी सापडेल तो शब्द उचलणारी होती, हे मला त्या टेबलावर कळलं. पंधरा दिवसांत नानांच्या बावीसच्या बावीस तयार झाल्या.

परीक्षा सकाळी, कामाच्या नोंदी सुरू व्हायच्या आधी झाली. साहेबांनी नानांना सांगितलं, "साठ्याची चालू फाइल मागच्या आठवड्याच्या फाइलीवर कॉपी करा." कॉपी करणाऱ्या सीपी कमांडला आधी कुठून ते सांगायचं, मग कुठे. पण आमच्या माल देण्याच्या चिठ्ठीवर माल नेणारं खातं आधी लिहितात. तीस वर्षांची सवय. नानांनी तसंच लिहिलं आणि जुनी फाइल चालू फाइलीवर चढली. आठवड्याच्या सगळ्या नोंदी गेल्या.

मी डोळे मिटून घेतले. नाना मात्र स्क्रीनकडे बघून म्हणाले, "साहेब, माझ्याकडून उलटं झालं. काल संध्याकाळी सगळ्या फाइली उतरवलेली टेप आहे, मीच घेतली होती. लावू का?"

"लावा."

नानांनी टेप सरकवली. "टार. टेपवर जपून ठेवणारा. मूळचा टेपवालाच," असं पुटपुटत एकेक अक्षर दाबलं. रीळ फिरत राहिलं. दहा मिनिटांनी फाइल परत आली. त्यांनी शेवटच्या दहा नोंदी कागदी रजिस्टरशी ताडून दाखवल्या. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

साहेबांनी कॉपीच्या प्रश्नाला शून्य दिलं. मग मला म्हणाले, "रोजची टेप यांच्याकडेच ठेवा. चूक लपवणारे मी पुष्कळ पाहिलेत."

सोमवारी गेटवर जाणाऱ्यांची यादी लागली. तिच्यात नानांचं नाव नव्हतं. त्यांनी ती दोनदा वाचली, मग घरी कळवायला बाहेरच्या पीसीओकडे निघाले, गुडघा धरत, पण भरभर.